जयपूरचा शरद : पाहावे, वाचावे, रांधावे, ल्यावे

जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये प्रीतम निवास नावाचा एक आतला चौक आहे. या चौकाचे चार दरवाजे चार ऋतूंना वाहिलेले आहेत. कमळांचा दरवाजा उन्हाळ्याचा, हिरव्या लहरींचा वसंताचा, गुलाबाच्या पाकळ्यांचा हिवाळ्याचा आणि मोरांचा दरवाजा शरदाचा. मोराला आपण पावसाचा पक्षी मानतो. त्याची विण पावसाळ्यात होते आणि ती संपत आली की तो पिसाऱ्याची पिसे टाकू लागतो. त्यामुळे शरदात रानात दिसणारा मोर बहुधा पिसाऱ्यावाचूनचा असतो. दरवाजावरचे मोर मात्र बारमाही पिसारा फुलवून उभे आहेत. पाऊस गेला, पण त्याने दिलेले धनधान्य घरात आले, या भावनेला ते साजेसेच म्हटले पाहिजे.

युरोपातील शरद हा पानगळीचा ऋतू आहे. जयपुरात तसे नाही. इथे पिंपळ आणि कडुनिंब पाने टाकतात ती हिवाळा सरताना, माघ-फाल्गुनाच्या सुमारास. आश्विन आणि कार्तिक या शरदाच्या दोन महिन्यांत इथे झाडे हिरवी असतात, आकाश धुतल्यासारखे निवळलेले असते, आणि दुपारचे ऊन कडक असले तरी हवेतील दमटपणा ओसरलेला असतो. ऑक्टोबरमध्ये दिवसाचा पारा तेहेतीस अंशांच्या आसपास असतो, तर नोव्हेंबरमध्ये रात्री चांगल्याच गार होतात.

या कोरड्या उन्हावरच शहराचा शरद उभा आहे. रंगवलेले कापड, रजईचा पिंजलेला कापूस, डाळीच्या मंगोड्या आणि शेताच्या बांधावरची काचरी, सारे याच उन्हात वाळते. या दिवसांत जयपुरात काय पाहावे, वाचावे, रांधावे आणि ल्यावे, याची उत्तरे बऱ्याच अंशी या उन्हापाशीच येऊन थांबतात.

मात्र त्याचे वेळापत्रक पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. त्याआधी पश्चिम राजस्थानातून पाऊस परतू लागण्याची तारीख १ सप्टेंबर मानली जात असे. ती आता १७ सप्टेंबर झाली आहे. माघार इथूनच सुरू होते आणि नंतर पूर्वेकडे सरकते. सप्टेंबरच्या उन्हावर पोट असलेल्या कारागिरासाठी दोन आठवड्यांचा हा फरक लहान नाही.

पाहावे : सावली, रावण आणि रोहित

शरदाचे आगमन नेमके कधी झाले हे डोळ्यांनी पाहण्याची सोय जयपूरइतकी चांगली क्वचितच कुठे असेल. सवाई जयसिंह दुसरे यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या जंतरमंतर वेधशाळेत नाडीवलय यंत्र आहे. त्याच्या दोन गोल तबकड्यांपैकी एक उत्तरेकडे तोंड करून आहे आणि दुसरी दक्षिणेकडे. दोन्ही विषुववृत्ताच्या पातळीला समांतर बसवलेल्या आहेत. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस असतो तेव्हा, म्हणजे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, फक्त उत्तरेकडच्या तबकडीवर ऊन पडते. २२ किंवा २३ सप्टेंबरला शरद संपात होतो आणि त्यानंतर सहा महिने वेळ सांगण्याचे काम दक्षिणेकडची तबकडी करते. ऋतूचा हा खांदेपालट कोणतेही उपकरण हाती न घेता केवळ सावलीवरून कळतो. शेजारचे सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवू शकते. युनेस्कोने जंतरमंतरचा जागतिक वारसा यादीत २०१० मध्ये समावेश केला, तर तटबंदीतील जुन्या शहराचा २०१९ मध्ये.

नवरात्राच्या दिवसांत मानसरोवर भागातील गुर्जर की थडीजवळ रस्त्याच्या कडेला रावणांचा बाजार भरतो. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांपासून बनवलेले लहानमोठे रावण रांगेने उभे असतात. कुणी गल्लीसाठी, कुणी वसाहतीसाठी, तर कुणी मुलांच्या हट्टासाठी कमरेएवढा रावण घेऊन जातो. महिनाभराच्या मेहनतीचा हा माल एकाच दिवशी विकला जायचा असतो. दसऱ्याच्या तोंडावर परतीच्या पावसाची एक सर आली, तरी कागद भिजतो आणि हंगाम बुडतो. या कारागिरांना रामायणातल्या रावणापेक्षा आकाशाची चिंता अधिक असते.

शरद पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीला, जयनिवास उद्यानातील गोविंददेवजींच्या मंदिरात देवाला शुभ्र पोशाख करतात आणि खिरीचा नैवेद्य दाखवतात. दिवाळीत जोहरी बाजार, त्रिपोलिया, चांदपोल या जुन्या बाजारपेठा एकत्रित रोषणाई करतात. रस्ते सरळ, दुकानांची दर्शनी बाजू एकसारखी आणि भिंती गुलाबी असल्याने ही रोषणाई एका लांब दालनासारखी भासते. ती पायी हिंडूनच पाहावी. गर्दीत वाहन नेण्यात अर्थ नसतो.

शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ऐंशी किलोमीटरवर सांभर हे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. पाऊस चांगला झाला की त्यात पाणी साचते आणि शरदापासून रोहित पक्ष्यांचे थवे तिथे उतरू लागतात. १९९० मध्ये या सरोवराला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये याच सरोवराकाठी अठरा हजारांहून अधिक पक्षी मृतावस्थेत सापडले. प्राणवायू नसलेल्या चिखलात वाढणाऱ्या जिवाणूंच्या विषाने त्यांना लकवा झाला होता. मेलेल्या पक्ष्यांवरच्या अळ्या खाऊन इतर पक्षीही दगावले, त्यामुळे मृतदेह त्वरेने उचलणे हाच साथ रोखण्याचा मुख्य उपाय ठरला. सांभरला जाणाऱ्याने दुर्बीण जरूर न्यावी, काठापासून दूर राहावे, आणि मृत पक्षी दिसल्यास हात न लावता वन विभागाला कळवावे.

वाचावे : दोहे, तह आणि सीमोल्लंघन

मराठी वाचकाला जयपूरच्या राजघराण्याचे पहिले नाव ठाऊक असते ते मिर्झा राजे जयसिंह यांचे. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे हेच आमेरचे राजे. मात्र त्यांच्याच आश्रयाला ब्रज भाषेतील थोर कवी बिहारी होते, हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही. त्यांच्या ‘सतसई’त सुमारे सातशे दोहे आहेत. शृंगार, नीती आणि भक्ती यांबरोबर ऋतूंचे दोहेही त्यात आढळतात. नव्या राणीच्या सहवासात राज्यकारभार विसरलेल्या राजाला बिहारींनी एका दोह्याने जागे केले, अशी आख्यायिका आहे. दोन ओळींत मावणारे हे काव्य दिवाळीच्या सुट्टीत रोज थोडे थोडे वाचण्याजोगे आहे. हिंदी अर्थासह त्याच्या अनेक आवृत्त्या मिळतात.

दुसरे वाचन इतिहासाचे, आणि ते मराठी मनाला सुखद नाही. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत, कारण पावसाने अडवलेले नदीनाले शरदात उतरत. या फौजांचा ऋतू राजपुतान्यात मात्र धास्तीचा ठरला. सवाई जयसिंहांच्या निधनानंतर ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या त्यांच्या दोन पुत्रांत गादीसाठी कलह झाला. १७४८ च्या ऑगस्टमध्ये बगरू येथे लढाई होऊन मल्हारराव होळकरांच्या मदतीने माधोसिंहांची बाजू वरचढ झाली. पुढे १७५० च्या अखेरीस थकलेल्या खंडणीसाठी मराठी फौज जयपूरवर चालून आली, तेव्हा ईश्वरीसिंहांनी विष घेऊन जीवन संपवले. त्यानंतर काही आठवड्यांतच, १७५१ च्या जानेवारीत, शहरात शिरलेल्या मराठ्यांची मोठी कत्तल झाली. जदुनाथ सरकार यांचा ‘ए हिस्टरी ऑफ जयपूर’ हा १९८४ मध्ये प्रकाशित झालेला इंग्रजी ग्रंथ हा काळ समजून घेण्यास उपयोगी आहे. मराठ्यांच्या उत्तरेतील पराक्रमाची गोष्ट समोरच्या तटावरून कशी दिसत होती, हे त्यातून कळते.

तिसरे पुस्तक नात्याचे. महाराणी गायत्रीदेवी यांचे सांता रामा राव यांच्यासमवेत लिहिलेले ‘ए प्रिन्सेस रिमेंबर्स’ हे आत्मकथन १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. गायत्रीदेवींच्या मातोश्री इंदिराराजे या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांच्या कन्या. म्हणजे १९६२ मध्ये विक्रमी मताधिक्याने लोकसभेवर निवडून गेलेली जयपूरची ही महाराणी सयाजीरावांची नात होती. आजोळच्या बडोद्याच्या राजवाड्याच्या आठवणी या पुस्तकात विस्ताराने येतात.

ज्यांना वाचन आणि पाहणे यांची सांगड घालायची आहे, त्यांनी विजयदान देथा यांच्या राजस्थानी लोककथा हाती घ्याव्यात. देथा जोधपूरकडच्या बोरुंदा गावचे. त्यांच्या ‘दुविधा’ या कथेवर मणि कौल यांनी १९७३ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला आणि अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये ‘पहेली’. नवविवाहितेला सोडून व्यापाराला गेलेल्या नवऱ्याचे रूप घेऊन भूत घरात येते, ही एकच कथा दोन दिग्दर्शकांनी किती भिन्न रीतीने सांगितली, हे लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहता येते.

जयपुरात असो वा अन्यत्र, मराठी घरातला शरद दिवाळी अंकाशिवाय पुरा होत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून सुरू केलेली ही प्रथा आजही टिकून आहे. त्या अंकांच्या जोडीला दुर्गा भागवत यांचे १९५६ मधील ‘ऋतुचक्र’ ठेवले, तर आपल्याकडचा आश्विन आणि राजस्थानचा आश्विन यांतील साम्यभेद आपोआप दिसू लागतात.

रांधावे : नव्या धान्याचा स्वयंपाक

आयुर्वेदाच्या ऋतुचर्येनुसार पावसाळ्यात साठलेले पित्त शरदाच्या उन्हाने उसळते, म्हणून या दिवसांत मधुर आणि शीतल आहार सांगितला आहे. कोजागरीचे आपले मसाला दूध आणि जयपूरची शरद पौर्णिमेची खीर यांच्यामागे हाच विचार दिसतो. खिरीसाठी एक लिटर सायीचे दूध मंद आचेवर आटवत ठेवावे. धुऊन अर्धा तास भिजवलेला मूठभर तांदूळ त्यात शिजवावा. दाणा बोटाने सहज मोडला की साखर आणि वेलदोड्याची पूड घालून खाली उतरवावे. ही खीर चांदण्यात ठेवून खाण्याची प्रथा आहे. चांदण्याने तिला औषधी गुण येतात याला वैज्ञानिक आधार नाही. मात्र दुधाचा पदार्थ रात्रभर उघड्यावर ठेवल्यास तो नासू शकतो, म्हणून तासाभराने ती झाकून थंड जागी ठेवणे शहाणपणाचे.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गोवर्धनपूजेला अन्नकूट होतो आणि जयपूरच्या मंदिरांत त्याच्या पंगती पुढे कित्येक दिवस चालतात. अन्नकुटाचे ताट म्हणजे नुकत्याच आलेल्या खरीप पिकाची नोंदवहीच होय. बाजरी, मूग, चवळी, मोठ म्हणजे आपली मटकी, ताकाची कढी, आणि बाजारात मिळतील तितक्या भाज्या एकत्र करून केलेली मिसळीची भाजी. ही भाजी घरी करणे सोपे आहे. बटाटा, मुळा, वांगे, भोपळा, फुलकोबी, शेंगा, पालक अशा भाज्या चिराव्यात. जिरे-हिंगाच्या फोडणीत आधी कंदमुळे, मग फळभाज्या आणि शेवटी पालेभाजी घालावी. कांदा-लसूण वर्ज्य असते. आले, हिरवी मिरची, धने आणि थोडा आमचूर पुरेसा होतो. कोणत्याही एका भाजीची चव पुढे येऊ नये, यातच तिचे यश आहे.

देशात सर्वाधिक बाजरी राजस्थानात पिकते. जयपूरच्या आसपासच्या खेड्यांत बाजरीची कापणी सप्टेंबरअखेर सुरू होते आणि नव्या बाजरीचा खीचडा थंडीची चाहूल देतो. बाजरीला पाण्याचा हात लावून ती उखळात हलकेच कांडतात, कोंडा पाखडून टाकतात आणि मुगाच्या डाळीबरोबर ती पार मऊ होईपर्यंत शिजवतात. वर तूप घेतात. ज्यांच्याकडे उखळ नाही, त्यांनी भिजवलेली बाजरी मिक्सरमध्ये क्षणभर फिरवली तरी चालते.

याच बाजरीच्या शेतात, कुणी न लावता, काचरीचे वेल पसरतात. लिंबाएवढे हे आंबटसर फळ चिरून उन्हात वाळवतात आणि वर्षभर वापरतात. वाळलेली काचरी, लसूण आणि सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटाव्यात आणि ते वाटण तेलात तेल सुटेपर्यंत परतावे. भाकरीबरोबर ही चटणी आपल्या ठेच्याची आठवण करून देते. शेतांत तणनाशकांचा वापर वाढत गेला, तर या आपोआप उगवणाऱ्या वेलांना जागा उरणार नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मंगोड्या हा आपल्या सांडग्यांचा चुलत भाऊ. मुगाची डाळ भिजवून, कमी पाण्यात वाटून, कापडावर बोराएवढ्या वड्या घालतात आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवतात. महाराष्ट्रात वाळवणे बहुधा उन्हाळ्यात होतात. जयपुरात शरदाचे ऊन आणि कोरडा वारा त्यासाठी पुरतो. तुपात परतून बटाट्याच्या किंवा मेथीच्या रस्स्यात सोडल्या, की ताज्या भाजीची उणीव भासत नाही.

ल्यावे : ठसा, चिखल आणि पावशेर कापूस

शरदाच्या उन्हाचा खरा मान कापडाला. जयपूरलगतचे सांगानेर आणि अजमेर रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरवर असलेले बगरू ही हातछपाईची दोन प्रसिद्ध ठिकाणे. ज्या बगरूला १७४८ मध्ये लढाई झाली, तेच हे गाव. दोन्हीकडे छीपा समाजाचे कारागीर हे काम करीत आले आहेत आणि दोन्ही ठिकाणच्या छपाईला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सांगानेरची ओळख पांढऱ्या कापडावरच्या नाजूक फुलांची. बगरूची ओळख मातकट पिवळसर पार्श्वभूमीवरच्या लाल-काळ्या नक्षीची आणि निळीची.

बगरूचे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवतात. गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून केलेले द्रावण ठशाने उमटवले की हिरड्याशी संयोग होऊन काळा रंग उठतो. तुरटीचे द्रावण जिथे लागते, तिथे पुढे उकळत्या रंगात लाल चढतो. दाबू छपाईत चिखल, चुना, डिंक आणि गव्हाचा भुसा यांचे मिश्रण ठशाने लावतात. ते वाळले की कापड निळीत बुडवतात. चिखलाखालचा भाग कोरा राहतो. हा चिखल नीट वाळला नाही, तर निळीत विरघळून नक्षी बिघडते. म्हणूनच पावसाळ्यात हे काम मंदावते आणि शरदात जोमाने सुरू होते. पाऊस लांबला, की दिवाळीची मागणी आणि वाळवणीचे दिवस यांचा मेळ बसत नाही.

कारागिरांपुढे आणखी दोन अडचणी आहेत. एक पाण्याची. या छपाईला धुण्यासाठी भरपूर पाणी लागते आणि भूजल खोल गेले आहे. सांगानेरमध्ये रासायनिक रंगांचे सांडपाणी द्रव्यवती नदीत जाण्याचा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला. दुसरी अडचण नकलेची. यंत्रावर किंवा जाळीच्या चौकटीने छापलेले कापड ‘हातछपाई’ म्हणून स्वस्तात विकले जाते. ग्राहकाला दोन्ही ओळखता येतात. हाताच्या ठशात दोन ठशांच्या जोडावर किंचित फट किंवा रंगाचा गडद धागा दिसतो, रेघ आणि आतला रंग कुठेतरी केसभर सरकलेले असतात, आणि रंग बहुधा कापडाच्या मागच्या बाजूपर्यंत उतरलेला असतो. अगदी बिनचूक, एकसारखी नक्षी दिसली तर चौकशी करावी. आमेर येथील अनोखी हातछपाई संग्रहालयात ही सर्व प्रक्रिया पाहून मग बाजारात गेल्यास फसगत टळते.

ऑक्टोबरमध्ये नवा कापूस वेचणीला येतो आणि जयपुरी रजईचा हंगाम उघडतो. पावशेर कापसाच्या रजईची ख्याती दूरवर आहे. तिच्या उबेत जादू नाही. कापूस पुन्हा पुन्हा पिंजून त्यातील कचरा आणि आखूड तंतू काढले जातात. मोकळ्या झालेल्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ही अडकलेली हवाच ऊब देते. मग मऊ सुती कापडाच्या दोन थरांमध्ये कापूस पसरून हाताने टाके घालतात, जेणेकरून तो एका कोपऱ्यात गोळा होऊ नये. या टाक्यांना तगाई म्हणतात आणि हे काम बऱ्याच अंशी स्त्रिया घरी बसून करतात. आता बाजारात कृत्रिम तंतू भरलेल्या रजयाही मोठ्या प्रमाणात मिळतात. विक्रेत्याकडून आतला थोडा कापूस मागून घ्यावा आणि सुरक्षित जागी जाळून पाहावा. खरा कापूस कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते, तर कृत्रिम तंतू वितळून त्याचा कडक मणी बनतो.

करवा चौथ आणि दिवाळीच्या सुमारास त्रिपोलिया बाजारातील मणिहारोंच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्यांसाठी झुंबड उडते. निखाऱ्यावर मऊ केलेली लाख लांबवून, गोल वळवून, गिऱ्हाईकासमोरच मनगटाच्या मापाची बांगडी केली जाते. अशा बांगड्या उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नयेत. जयपूरच्या शरदातील बहुधा ही एकच वस्तू, जिला ऊन सोसत नाही.

सवाई जयसिंहांनी या नगराचा पाया घातला तो १८ नोव्हेंबर १७२७ रोजी. बाजारपेठांसाठी सरळ रस्ते आणि वेगवेगळ्या कारागिरांसाठी वेगवेगळ्या गल्ल्या त्यांनी आरंभीच आखून दिल्या होत्या. त्या गल्ल्यांना आजही कारागिरांचीच नावे आहेत. त्यांत कारागीर किती दिवस राहतील, हे पावसाच्या परतीइतकेच शरदात तिथे येणारा ग्राहक काय विचारतो आणि काय विकत घेतो, यावरही अवलंबून आहे.